दूरस्थ सर्व्हर-निरीक्षणातील 'एजंट' आणि विश्वासाचा प्रश्न : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : सर्व्हर, निरीक्षण-एजंट, कॉन्फिगरेशन फाईल, कूटबद्धता, अधिकार-मर्यादा, नोंद

प्रास्ताविक

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व लगतच्या परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी लोकल गाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या. अत्यावश्यक ठिकाणचा पुरवठा काही तासांत सुरू झाला, काही भागांना मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी संस्थेने भारतीय वीजक्षेत्राच्या संगणकजालात चीनशी संबंधित गटाने शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचा दावा मात्र त्या अहवालात नव्हता. लगेच १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन १४ 'ट्रोजन हॉर्स' आणि परदेशी सर्व्हरवरून आलेला सुमारे ८ जीबी संशयास्पद डेटा यांचा उल्लेख केला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ही मानवी चूक असल्याचे आणि सायबर हल्ल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले. घटना एकच, परंतु तिची वाचने दोन.

या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. यंत्रणेने स्वतःविषयी जे सांगितले ते कितपत प्रमाण मानावे, हा जो प्रश्न त्या वादाच्या मुळाशी आहे, तो येथे अभिप्रेत आहे. दूर असलेल्या यंत्राची खबर आणून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला निरीक्षण-एजंट म्हणतात. त्याची कॉन्फिगरेशन फाईल ही शे-दोनशे ओळींची, बहुधा न वाचताच जतन केली जाणारी फाईल असते. ही फाईल एक पाठ म्हणून वाचण्याचा व त्या पाठात विश्वासाची वाटणी कशी झाली आहे हे तपासण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागाचा आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. तो समज बरोबर नाही. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जालन्यातील, त्यातही नवीन जालन्यातील एखाद्या महाविद्यालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. ग्रंथालयाची 'सोल' किंवा 'कोहा' प्रणाली एका संगणकावर, प्रवेश व शुल्काच्या नोंदी दुसऱ्यावर, संकेतस्थळ कोठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. नॅकसाठी चढवलेली कागदपत्रे, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी गोळा केलेले विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व जात प्रमाणपत्रे याच यंत्रांवर असतात. एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळा, अधूनमधून जाणारी वीज आणि थकलेली इन्व्हर्टरची बॅटरी यांना तोंड देत ही यंत्रे चालतात. त्यांच्याकडे पाहणारा माणूस बहुधा एकच, तोही पुष्कळदा कंत्राटी असतो. तो चोवीस तास यंत्रापाशी बसू शकत नाही, म्हणून एजंट बसवला जातो. ही गरज खरी आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

'एजंट' या संज्ञेविषयी

मराठीत 'एजंट' म्हटले की आर.टी.ओ. कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसलेला इसम आठवतो. तो आपले काम करून देतो, कार्यालयातही त्याची ओळख असते. मात्र तो नेमका कोणाचा माणूस, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. संगणकीय एजंटच्या बाबतीत हीच संदिग्धता तांत्रिक रूप धारण करते. तो राहतो आपल्या यंत्रावर आणि ऐकतो मात्र दूरच्या निरीक्षण-सर्व्हरचे.

या नात्याला जुना देशी समांतर दाखला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या गावव्यवस्थेत वेशीवरचा येसकर गावात आल्या-गेल्याची खबर ठेवी. त्याच्या शिरावर जबाबदारी होती, परंतु तिच्या तोलाचा अधिकार व मोबदला नव्हता. महार वतनाच्या या अन्यायाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते. यंत्रातील पहारेकऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याचे काम डिस्क किती भरली, तापमान किती चढले एवढे सांगण्याचे. त्याला मिळणारा अधिकार मात्र पुष्कळदा वाड्यातील प्रत्येक खोली उघडण्याचा असतो.

दोष कोणाचा?

या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि आजही आढळणारा मार्ग एसएनएमपी या संवादपद्धतीचा आहे. तिची पहिली आवृत्ती १९९० च्या आरएफसी ११५७ मध्ये स्थिर झाली. त्यात ओळख पटवण्याचे साधन म्हणजे 'कम्युनिटी' नावाचा एक शब्द. तो जालावरून उघड्या स्वरूपात जातो आणि असंख्य यंत्रांवर तो 'पब्लिक' हाच राहिलेला असतो. कुलपाला 'सार्वजनिक' असे नाव देऊन दार बंद केल्याचे समाधान मानण्याचा हा प्रकार आहे. तिसऱ्या आवृत्तीत वापरकर्त्याची ओळख व कूटबद्धता या दोन्हींची सोय झाली आणि २००२ मध्ये ती प्रमाण ठरली. तरीही स्विच, प्रिंटर, यूपीएस यांच्यावर आजही दुसरी आवृत्तीच चालू ठेवली जाते, कारण ती दोन मिनिटांत चालू होते. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. तिसरी आवृत्ती 'ऑथप्रिव्ह' पातळीवर वापरावी. ते शक्य नसेल तर ते उपकरण वेगळ्या, बंदिस्त जालात ठेवावे.

एनआरपीईची कॉन्फिग फाईल अधिक रंजक आहे. एथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने सुरू केलेला व २००२ मध्ये 'नागिओस' झालेला प्रकल्प दूरच्या यंत्रावर तपासणी चालवण्यासाठी ज्या एजंटचा आधार घेतो तो एनआरपीई होय. तो ५६६६ या पोर्टवर ऐकतो आणि त्याच्या फाईलमध्ये लिहिलेल्या आज्ञाच चालवतो. सर्व्हरने 'डिस्क तपास' म्हणायचे, तपास कसा करायचा हे एजंटच्या फाईलने ठरवायचे, ही मूळ कल्पना अत्यंत निरोगी आहे. परंतु प्रत्येक यंत्रावर फाईल बदलत बसण्याचा कंटाळा येतो. म्हणून आज्ञेबरोबर सर्व्हरने मापदंडही पाठवावेत, अशी सवलत एका ओळीने देता येते. त्या ओळीचे नाव आहे 'डोन्ट ब्लेम एनआरपीई', म्हणजेच 'एनआरपीईला दोष देऊ नका'. मूळ मांडणीत तिची किंमत शून्य असते. ती एक केली की सवलत मिळते.

तांत्रिक लेखनात इतकी प्रामाणिक ओळ क्वचितच आढळते. कर्त्याने धोका ओळखला, सवलत दिली आणि सवलतीच्या नावातच हात झटकले. बाहेरून येणाऱ्या मापदंडांत घातक चिन्हे येऊ नयेत म्हणून गाळणीही ठेवली गेली. २०१४ मध्ये असे दिसून आले की नव्या ओळीचे चिन्ह त्या गाळणीतून निसटते आणि त्यामागून हवी ती आज्ञा चालवता येते. दोष द्यायचा तर कोणाला? ओळीचे नाव वाचूनही तिच्यापुढे एक हा आकडा टाकणाऱ्यालाच द्यावा लागतो. तथापि या न्यायाला एक मर्यादा आहे. ती ओळ इंटरनेटवरच्या एखाद्या मार्गदर्शिकेतून जशीच्या तशी उचलणाऱ्या, इंग्रजी टिप्पण्या वाचण्याची सवड नसलेल्या प्रयोगशाळा-सहायकाला ती सूचना कधी पोहोचलीच नसते.

एनआरपीईच्या जुन्या आवृत्त्यांतील कूटबद्धतेचा मुद्दाही तितकाच बोधप्रद आहे. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत तेथे अनामिक पद्धतीची कूटबद्धता होती. संभाषण इतरांना वाचता येत नसे, परंतु पलीकडे बोलणारा कोण याची खातरी नव्हती. जालना ही बियाण्यांची नगरी. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच महिकोची स्थापना केली. त्यामुळे येथील वाचकाला 'सत्यप्रत' आणि 'प्रमाणित' बियाण्यांतील भेद वेगळा सांगावा लागत नाही. सत्यप्रत पिशवीवरील मजकुराची हमी उत्पादक स्वतः देतो, तर प्रमाणित पिशवीमागे बीज प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी उभी असते. अनामिक कूटबद्धता सीलबंद पिशवीसारखी होती. मात्र त्या पिशवीवर लेबलच नव्हते.

झॅबिक्सची फाईल : एक वाचन

लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांचा २००१ मध्ये मुक्त परवान्याने खुला झालेला झॅबिक्स हा प्रकल्प मोफत असल्याने मर्यादित अर्थसंकल्पाच्या संस्थांना सोयीचा ठरतो. म्हणून त्याच्या एजंटची फाईल येथे अधिक बारकाईने पाहिली आहे.

'सर्व्हर' या ओळीत ज्या पत्त्यांवरून प्रश्न स्वीकारायचे ते लिहायचे असते. मूळ मांडणीत तेथे यंत्राचा स्वतःचाच पत्ता, म्हणजे १२७.०.०.१ असतो, ही सावध सुरुवात आहे. अडचण पुढे येते. निरीक्षण चालेना की घाईत येथे सर्व पत्त्यांना मुभा देणारी ०.०.०.०/० ही नोंद केली जाते, निरीक्षण सुरू होते आणि ती नोंद कायमची राहते. प्रश्न १००५० या पोर्टवर येतात. ज्या यंत्राला बाहेरून प्रश्न विचारले जाण्याची गरजच नाही, त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे. एजंटने स्वतःहून सर्व्हरच्या १००५१ पोर्टकडे जायचे आणि 'स्टार्टएजंट्स' ची किंमत शून्य ठेवायची. मग पारंपरिक एजंट एकही दार उघडे ठेवत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर आणि महाविद्यालयाच्या राउटरमागील संगणकांवर हाच मार्ग श्रेयस्कर होय.

परंतु सक्रिय मार्गात उलट दिशेचा धोका असतो आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. कूटबद्धता सक्तीची केलेली नसेल तर सर्व्हर मुख्यतः यजमान यंत्राच्या नावावर विश्वास ठेवतो. ते नाव माहीत असलेला तिऱ्हाईतही 'सर्व ठीक आहे' असे आकडे पाठवू शकतो. चोराने पहारेकऱ्याचा आवाज काढून 'आलबेल' म्हणावे, तसे हे आहे. आरंभी उल्लेखिलेला प्रमाणाचा प्रश्न येथे अगदी लहान रूपात समोर येतो.

यावरचा उपाय २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे. सामायिक गुप्त किल्ली किंवा प्रमाणपत्र यांपैकी एकाने दोन्ही बाजूंची ओळख पटवता येते. मूळ मांडणी मात्र अजूनही कूटबद्धतेविना आहे, हा या फाईलवरचा पहिला गंभीर आक्षेप होय. किल्ली किमान १२८ बिटांची लागते. २५६ बिटांची यादृच्छिक किल्ली ओपनएसएसएलच्या एका आज्ञेत तयार होते. ती प्रत्येक यंत्रासाठी वेगळी असावी आणि तिची फाईल एजंटच्या खात्याखेरीज कोणाला वाचता येऊ नये. किल्लीबरोबर पाठवली जाणारी ओळख-संज्ञा उघडीच जाते, म्हणून तीत विभागाचे वा व्यक्तीचे नाव गुंफू नये. प्रमाणपत्राचा मार्ग निवडल्यास ते कोणी दिले व कोणाच्या नावे दिले, या दोन्ही ओळी भराव्यात. त्या रिकाम्या राहिल्यास त्याच प्रमाणन-संस्थेचे कोणतेही प्रमाणपत्र चालून जाते.

'टीएलएसॲक्सेप्ट' या ओळीत एकाहून अधिक पर्याय स्वल्पविराम देऊन लिहिता येतात. जुन्या मांडणीतून नव्या मांडणीकडे जाताना काही दिवस 'अनएन्क्रिप्टेड' आणि 'पीएसके' असे दोन्ही पर्याय ठेवावे लागतात. ही संक्रमणकाळाची सोय आहे. सरकारी अध्यादेशाप्रमाणे तिला मुदत नसल्याने ती आपोआप संपत नाही, आणि मागचे दार उघडे ठेवून पुढच्या दाराला नवे कुलूप लावल्याची स्थिती वर्षानुवर्षे टिकते.

एजंटला काय करता येते, हा फाईलचा गाभा आहे. सर्व्हरने सांगितलेली आज्ञा यंत्रावर चालवण्याची क्षमता पूर्वी 'एनेबलरिमोटकमांड्स' या ओळीने ठरे. ५.० आवृत्तीपासून तिची जागा 'अलाउकी' व 'डिनायकी' या नियमांनी घेतली असून दूरस्थ आज्ञा मूळ मांडणीत नाकारलेल्या असतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळणारा पहिला नियम लागू होतो. क्रम चुकला की निषेध निष्प्रभ ठरतो. त्याहून महत्त्वाचे असे की आज्ञा नाकारल्या तरी वाचन उरते. एखाद्या फाईलचा मजकूर मागवण्याची सोय एजंटमध्ये आहे, आणि संकेतस्थळाच्या फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बहुधा उघडाच लिहिलेला असतो. एजंटच्या खात्याला ती फाईल वाचता येत असेल तर निरीक्षक म्हणून आलेला पाहुणा तिजोरीच्या किल्लीचा ठसा घेऊन जाऊ शकतो. म्हणून फाईल-वाचनाची मुभा फक्त लॉगच्या निर्देशिकेपुरती द्यावी व उर्वरित सर्व नाकारावे.

एजंट 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने चालण्यास मूळ मांडणीत नकार देतो. हा नकार तपासणीच्या सोयीसाठी फिरवला जातो, किंवा अधिक सोज्ज्वळपणे एजंटच्या खात्याला पासवर्डविना 'सुडो' चा परवाना दिला जातो. परिणाम एकच. तपासणीला खरोखर उच्च अधिकार लागत असेल तर तो एकाच निश्चित आज्ञेपुरता, ठरलेल्या मापदंडांसह द्यावा, आणि त्या आज्ञेची स्क्रिप्ट एजंटच्या खात्याला बदलता येऊ नये.

दुसरा गंभीर आक्षेप नोंदीविषयी आहे. दूरस्थ आज्ञांची नोंद ठेवणारी 'लॉगरिमोटकमांड्स' ही ओळ मूळ मांडणीत शून्य असते. आज्ञा देण्याची सवलत मुद्दाम चालू करणाऱ्याने तिची नोंद मात्र मुद्दाम चालू न केल्यास काय घडले ते एजंट सांगत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घटनेची खबर सहा तासांत देणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे या गोष्टी आवश्यक केल्या. घड्याळ जुळवण्याची अट किरकोळ वाटते; पण दोन यंत्रांच्या नोंदींत चार मिनिटांचा फरक असेल तर आधी काय घडले आणि मागून काय, हेच सांगता येत नाही.

मालक आणि पहारेकरी

वरील सर्व ओळी एजंटला तिऱ्हाइतापासून वाचवतात. स्वतःच्या सर्व्हरपासून त्याला वाचवणाऱ्या ओळी मोजक्या आहेत, कारण सर्व्हर विश्वासार्ह आहे हे गृहीतक या पाठाच्या मुळाशी आहे. या गृहीतकाला २०२० च्या डिसेंबरमध्ये मोठा तडा गेला. सोलारविंड्स कंपनीच्या 'ओरायन' या निरीक्षण-प्रणालीच्या अधिकृत, स्वाक्षरीयुक्त अद्ययावतीकरणातच घातक कोड मिसळला गेल्याचे फायरआय या कंपनीने उघड केले. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोहोचला. त्यांतील निवडक ठिकाणी, अमेरिकी सरकारच्या काही विभागांसह, पुढचा शिरकाव झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्रान्सच्या सायबर सुरक्षा संस्थेने 'सेंट्रिऑन' या निरीक्षण-प्रणालीच्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या, कालबाह्य आवृत्तीच्या सर्व्हरांवर २०१७ च्या अखेरीपासून चाललेल्या घुसखोरीचा अहवाल दिला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, झॅबिक्सच्या वेब-दर्शनी भागात विशिष्ट प्रवेश-पद्धती चालू असल्यास पासवर्डविना प्रशासक होता येईल अशी त्रुटी प्रकाशात आली.

तीनही घटनांमध्ये एजंटला बाहेरचा कोणी फसवेल ही भीती गौण ठरते. जो सर्वांकडे पाहतो, तोच ताब्यात गेला की सर्व यंत्रांची दारे एका ठिकाणाहून दिसू लागतात. म्हणून निरीक्षण-सर्व्हर हा संस्थेतील सर्वांत सामान्य संगणक मानून कोपऱ्यात टाकणे चुकीचे आहे. त्याचे वेब-पान इंटरनेटवर उघडे नसावे, 'ॲडमिन' व 'झॅबिक्स' ही मूळ जोडी पहिल्याच दिवशी बदलावी, आणि एजंटच्या बाजूची मर्यादा जणू सर्व्हर उद्या परक्याच्या हाती जाणार आहे असे समजून आखावी.

येथे पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी या सहकारी बँकेच्या एटीएम स्विचवर मालवेअरचा हल्ला होऊन २८ देशांतून बनावट कार्डांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टद्वारे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पैसे काढण्याच्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न पोहोचताच मंजूर होत होत्या, हे या हल्ल्याचे वैशिष्ट्य होते. अशा वेळी प्रोसेसरचा भार व डिस्कची जागा मोजणारा एजंट हिरवा दिवाच दाखवणार, आणि त्याचे आकडे खोटेही नसणार. स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि मुख्य प्रणालीत नोंदलेले व्यवहार यांतील अंतर मोजणारी तपासणीच येथे काही सांगू शकली असती. सुरक्षित एजंटने काय सांगू नये हे ठरवताना त्याने काय विचारावे याकडे दुर्लक्ष होते, ते असे.

वीज गेल्यावर

महाविद्यालयीन पातळीवरचा खरा पेच वेगळाच आहे. झॅबिक्समध्ये ठरावीक काळ एजंटकडून काहीच न आल्यास इशारा देण्याची सोय आहे. एजंटचे मौन हीसुद्धा बातमी असते. परंतु जेथे वीज वारंवार जाते तेथे हे मौन रोजचेच होते. रात्री एक वाजता एकाच वेळी आठ यंत्रांचे आठ संदेश मोबाईलवर येतात. आठवडाभरात ती सूचना बंद केली जाते. त्यानंतर एजंट कोणी हेतुपुरस्सर बंद केला तरी ते कळत नाही. कॉन्फिग फाईलमधील प्रत्येक ओळ निर्दोष असूनही निरीक्षण संपलेले असते.

यावर झॅबिक्सच्या इशाऱ्यांमधील परावलंबनाची तरतूद उपयोगी पडते. यूपीएस व मुख्य स्विच यांची स्थिती वेगळी मोजावी आणि उर्वरित यंत्रांचे इशारे त्यावर अवलंबून ठेवावेत. वीज गेली तर एकच संदेश यावा. वीज असताना एखादा एजंट गप्प झाला तर मात्र तो संदेश वेगळा व ठळक यावा. यासाठी यूपीएसला जालात जोडण्याची सोय लागते. खरेदी समितीपुढे दरपत्रके येतात तेव्हा हीच सोय 'अनावश्यक' म्हणून सर्वप्रथम वगळली जाते.

दुसरी बाब माणसाची. कंत्राट संपले की किल्ल्या माहीत असलेला माणूस जातो, किल्ल्या तशाच राहतात. खोलीची चावी परत घेताना वहीत सही घेतली जाते. एजंटच्या गुप्त किल्ल्या, सर्व्हरवरील खाती आणि इशाऱ्यांसाठी नोंदलेला मोबाईल क्रमांक यांचा उल्लेख कार्यमुक्तीच्या नमुन्यात सहसा नसतो. त्या नमुन्यात तीन ओळी वाढवणे हे कार्यालयीन अधीक्षकांचे काम आहे, आणि प्रत्येक यंत्रावर नवी किल्ली बसवायला एक दुपार पुरते.